बाटलीवरची तारीख पाण्याची नसते

कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतल्या एका ताईंनी विचारलंय. मे महिन्यात त्यांच्या मुलीचं लग्न झालं, त्यातले लिटरच्या बाटल्यांचे अकरा बॉक्स उरले. सहा जिन्याखाली ठेवलेत, जिथं फिनेल आणि धुण्याची पावडर असते. पाच गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये. पॅकिंग १२ डिसेंबरचं आणि 'सहा महिन्यांच्या आत वापरावे' असं छापलंय, म्हणजे तारीख उलटून महिना झाला. 'पंचगंगा वाढायला लागलीय. पुरात उपयोगी पडतील म्हणून ठेवल्यात, पण प्यायला चालतील का? का ओतून टाकू? आणि घरी येणारा जार उघडल्यावर किती दिवस चालतो?'

ताई, ओतू नका. पण सगळ्या पिऊही नका. जिन्याखालचे सहा बॉक्स बहुतेक चालतील, फक्त आधी एक बारकी परीक्षा घ्यायची, ती खाली सांगतो. गच्चीवरचे पाच पिण्यातून काढा. भांडी, फरशी, झाडं, कशालाही वापरा. दोन्हीकडच्या बाटल्या एकाच प्लांटच्या, एकाच दिवशी भरलेल्या, तारीखही एकच. तरी उत्तर वेगळं आहे, कारण दोघींचे गेले अडीच महिने वेगवेगळ्या ठिकाणी गेलेत.

बावीस वर्षं मी पाण्याच्या प्लांटवर केमिस्टचं काम केलं, शिरोलीत आणि गोकुळ शिरगावात. या बावीस वर्षांत सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच: पाण्याला कसली आली तारीख? ते काय दूध आहे नासायला?

प्रश्न बरोबर आहे. पाणी नासत नाही. नासायला त्यात काहीतरी खाण्यासारखं असावं लागतं आणि प्लांटमध्ये आम्ही नेमकं तेच जवळजवळ सगळं काढून टाकतो. बोअरचं किंवा पाईपलाईनचं पाणी आधी वाळूच्या फिल्टरमधून जातं, मग कार्बनमधून, मग बारीक कार्ट्रिजमधून, मग आरओ (दाब देऊन अतिबारीक पडद्यातून गाळणं), मग यूव्ही (जंतू मारणारा अतिनील प्रकाश), आणि भरायच्या आधी त्यात ओझोन सोडतात. बाटली भरताना पाण्यात थोडा ओझोन शिल्लक असतो. तो बाटलीचं आतलं अंग आणि टोपणाची आतली बाजूही निर्जंतुक करतो, आणि काही तासांत त्याचा साधा ऑक्सिजन होऊन जातो. इथंच बाटलीचं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा वेगळं पडतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन राहतं, ते वाटेत राखण करत येतं. बाटलीतल्या पाण्याला दुसऱ्या दिवसापासून राखणदार नाही. टोपण बंद आहे तोवर त्याची गरजही पडत नाही.

मग तारीख कशाची? बाटलीची, टोपणाची, आणि कंपनीनं घेतलेल्या जबाबदारीची. किती महिने ते कंपनीच ठरवते. त्यासाठी बाटल्या ठेवून ठरावीक दिवसांनी तपासते आणि तेवढ्या मुदतीपर्यंत चव, वास, जंतू सगळं मापात राहील असं लिहून देते. आपल्याकडं प्लास्टिकच्या बाटलीवर बहुतेक सहा महिने दिसतात. अमेरिकेत तर सीलबंद पाण्याला सरकारनं मुदतच घातलेली नाही. तिथल्या न्यू जर्सी राज्यानं १९८७ साली दोन वर्षांची तारीख सक्तीची केली होती, तीही नंतर काढून टाकली. आता यावरून आपल्या दुकानदारानं जुना माल खपवू नये. तारीख उलटलेली बाटली विकणं हा गुन्हाच आहे. घरातली सीलबंद, सावलीतली बाटली काही महिने पुढं गेली तर ती विषारी होत नाही, एवढंच मी म्हणतोय.

बाय द वे, मे महिन्यातल्या लग्नाला डिसेंबरचं पॅकिंग? डीलरनं तुम्हाला पाच महिन्यांचा माल दिला. लग्नसराईत हे सर्रास चालतं, लोक दर विचारतात, तारीख कोण बघतंय. त्या पाच महिन्यांत ते बॉक्स कुठं होते, गोडाऊनमध्ये की उन्हात उभ्या टेम्पोत, हे त्याचं त्यालाच ठाऊक. पुढच्या वेळी बॉक्स उतरवून घेतानाच एक फोडून पॅकिंगची तारीख बघा. दीड महिन्याच्या आतला माल मागितला की मिळतो.

आता पत्र्याच्या शेडकडं येतो, कारण खरा मुद्दा तिथं आहे.

पेट नावाचं हे प्लास्टिक (बाटलीच्या बुडाला त्रिकोणात १ लिहिलेलं असतं ते) तयार करताना अँटिमनी नावाच्या धातूचं संयुग वापरतात. त्याचा अंश प्लास्टिकमध्ये राहतो आणि पाण्यात अगदी सावकाश उतरत राहतो. नेहमीच्या तापमानाला हे इतकं कमी असतं की काळजीचं कारण नाही. पण उष्णता वाढली की वेग वाढतो, आणि तो सरळ रेषेत वाढत नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत २००८ साली यावर काम झालं. तिथल्या चाचणीत ६० अंशाला ठेवलेल्या बाटलीतलं अँटिमनी त्यांच्या सरकारी मर्यादेच्या वर जायला १७६ दिवस लागले. ८० अंशाला? अडीच दिवससुद्धा नाहीत. आता आपल्या गच्चीवर ८० अंश होत नाही. पण मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली उभं राहून बघा, पत्र्याला हात लावून बघा. काचा बंद करून उन्हात लावलेली गाडी साठीच्या घरात सहज जाते. तुमचे बॉक्स मेपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत तिथं भाजलेत. त्या आधीचे पाच महिने आपल्याला माहीत नाहीत.

हे पाणी प्यालं तर काही होईल का? माझ्या मते एक-दोन बाटल्यांनी काही होणार नाही. पण तापलेल्या पेटमधून आणखी एक गोष्ट उतरते, ॲसिटाल्डिहाइड. त्यानं पाण्याला गोडसर, प्लास्टिकसारखी चव येते. प्रवासात गाडीत राहिलेल्या बाटलीतून घोट घेतल्यावर आपण तोंड वाकडं करतो ना, तीच. जीभ सांगत असताना आणि दुसरं पाणी हाताशी असताना ते का प्यायचं? मात्र खरंच पुरात अडकलात आणि समोर गढूळ पाणी किंवा ही बाटली एवढंच असेल, तर बेलाशक बाटली प्या. अँटिमनीनं माणूस आठवड्यात आजारी पडत नाही. गढूळ पाण्यातल्या जंतूंनी पडतो.

इथंच व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एका मेसेजचं उत्तर देऊन टाकतो. गाडीत तापलेल्या किंवा फ्रीझरमध्ये गोठवलेल्या बाटलीतून डायऑक्सिन सुटतं आणि कॅन्सर होतो म्हणे. पेटमध्ये डायऑक्सिन नसतं. ते जाळपोळीत, शेकडो अंशांना तयार होतं. बर्फ करून कसं होईल? गोठवायचीच असेल तर बाटलीतलं थोडं पाणी कमी करा, कारण बर्फ होताना पाणी नऊ टक्क्यांच्या आसपास फुगतं आणि टोपण उडतं. विषय संपला.

तापमानानंतर दुसरा शत्रू वास. हे लोकांना खरं वाटत नाही, म्हणून एक प्रसंग सांगतो. एकदा लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानातून तक्रार आली, 'तुमच्या पाण्याला मोगऱ्याचा वास येतोय.' मी चक्रावलो. प्लांटमध्ये मोगरा कुठून येणार? त्याच बॅचच्या बाटल्या आमच्या कपाटात होत्या (प्रत्येक बॅचच्या काही बाटल्या आम्ही मुदत संपेपर्यंत राखून ठेवतो, त्यांना कंट्रोल सॅम्पल म्हणतात). उघडून बघितल्या, वास नाही. मग दुकानात गेलो. मागच्या अंधाऱ्या खोलीत आमच्या बॉक्सवर छतापर्यंत अगरबत्तीचे पुडे रचलेले. दोन महिने तसेच. सील शाबूत, पाणी स्वच्छ, जंतूंचा रिपोर्ट चोख, आणि टोपण फिरवलं की मोगरा. त्या दुकानदाराचा चेहरा अजून आठवतो, त्यानं स्वतःच एक बाटली हुंगली आणि म्हणाला, 'देवाला चालंल की ओ.'

बाटली डोळ्यांना बंद दिसते, पण प्लास्टिक काचेसारखं पक्कं नसतं. टोपणाचं प्लास्टिक तर आणखी विरळ. त्यातून वासाचे कण हळूहळू आत शिरतात आणि पाण्याची वाफ हळूहळू बाहेर जाते. म्हणून वर्ष-दीड वर्ष पडून राहिलेली बाटली उघडलेली नसतानाही पोटात गेलेली दिसते. गळती नसते ती. पण रॉकेल, पेट्रोल, रंग, थिनर, शेतीची औषधं, डांबराच्या गोळ्या यांच्या शेजारी पाणी ठेवलं तर आत जाणारी गोष्ट मोगरा नसते. तुमच्या जिन्याखाली फिनेल आहे, म्हणून मघाशी परीक्षा म्हणालो. प्रत्येक बॉक्समधली फिनेलच्या बाजूची एक बाटली काढा. आधी उजेडाकडं धरून हलवा, तरंगणारं काही नको, बुडाला हिरवट छटा नको. मग उलटी करून दाबा, टोपणाशी थेंब दिसला तर ती बाद. टोपणाखालची कडी टोपणाला जुळलेली हवी आणि उघडताना ती कडकड आवाज करत तुटायला हवी. उघडल्या उघडल्या नाक लावा, पहिल्या श्वासाला काय ते कळतं. शेवटी अर्धा घोट. काही वेगळं लागलं नाही तर तो बॉक्स पिण्याच्या रांगेत, लागलं तर गच्चीवरच्यांच्या जोडीला. बाळाच्या दुधाला मात्र मी तारीख उलटलेलं पाणी वापरणार नाही, आणि ताजी बाटली असली तरी उकळूनच वापरेन.

हिरव्या छटेवरून आठवलं. हायवेवरच्या एका टपरीवाल्यानं बॉक्स फोडून बाटल्या पुढच्या फळीवर मांडल्या होत्या, गिऱ्हाइकाला लांबून दिसाव्यात म्हणून. पश्चिमेचं ऊन रोज दोन-तीन तास. तीन-चार महिन्यांनी दोन बाटल्यांच्या बुडाशी हिरवट लव दिसायला लागली. आमचं कंट्रोल सॅम्पल काचेसारखं. शेवाळाला उजेड लागतो आणि चिमूटभर खाद्य. खाद्य काही बाटल्यांत असतंच, उजेड त्यानं पुरवला. खाकी बॉक्स हा निव्वळ वाहतुकीसाठी नसतो. बाटल्या बॉक्समध्येच राहू द्या.

आणि पाण्यात जंतू अजिबात नसतात असंही समजू नका. पॅकेज्ड पाण्याचं जे भारतीय मानक आहे, आयएस १४५४३, त्यात ई. कोलाय आणि कोलिफॉर्म (पाण्यात घाण मिसळल्याची खूण मानतात ते जंतू) २५० मिलिलिटरमध्ये एकही चालत नाही. पण साधे, निरुपद्रवी जंतू ३७ अंशाला वाढवून मोजले तर मिलिलिटरला २० पर्यंत आणि २० ते २२ अंशाला वाढवून मोजले तर १०० पर्यंत चालतात. बंद बाटलीत हे थोडे वाढतात, खाद्य संपलं की थांबतात. धडधाकट माणसाला त्यांचं काही नसतं. बाटली उघडून तोंडाला लावली की चित्र पालटतं. लाळेबरोबर नवे पाहुणे आणि त्यांचा डबाही आत जातो. तोंड लावलेली बाटली त्या दिवसातच संपवा. न उष्टावलेली, ग्लासात ओतून वापरलेली, फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस चालते. रिकामी बाटली पुन्हा पुन्हा भरून वर्षभर वापरायची आपल्याकडची सवय मला पसंत नाही. प्लास्टिकपेक्षाही त्या अरुंद गळ्यामुळं, कारण आत ब्रश जात नाही आणि भिंतीला बुळबुळीत थर धरतो. बोट घालून बघा, लागेल.

आता जार. ताई, जार आणि बाटली हे दोन वेगळे धंदे आहेत, त्यांना एका तागडीत तोलू नका.

बाटली एकदाच जन्मते. जार शंभर घरं फिरून येतो. प्लांटवर परत आलेल्या रिकाम्या जारमध्ये मी काय काय बघितलंय: ताक, डिझेल, रंगाचा ब्रश, एकदा तर खडूची पूड, कुठल्या शाळेतून आला होता देव जाणे. चांगल्या प्लांटवर धुण्याच्या आधी एक माणूस प्रत्येक जार हुंगतो. आमच्याकडं एक पोरगा होता, नाक असं तिखट की रॉकेलचा जार दोन फुटांवरून बाजूला काढायचा. मग गरम पाण्यानं आणि धुण्याच्या द्रावणानं आतून धुणं, साध्या पाण्यानं, शेवटी ओझोनच्या पाण्यानं. ही साखळी कुठंही ढिली पडली की वरचा आरओ, यूव्ही सगळं वाया. आणि ढिली पडते उन्हाळ्यात, जेव्हा दिवसाला दुप्पट जार मागतात.

बरेच जार पॉलिकार्बोनेटचे असतात, कडक, निळसर, बुडाला ७ लिहिलेले. त्यातून बीपीए नावाचं रसायन उतरू शकतं. गरम पाण्यानं धुतलं, ओरखडे पडले, जार जुना झाला की जास्त. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये बीपीएची रोजची सुरक्षित मर्यादा एकदम वीस हजार पटीनं खाली आणली. तेव्हापासून मी ओरखडलेला, पांढुरका पडलेला जार दारातूनच परत पाठवतो. तुम्हीही पाठवा, जारवाला कुरकुरतो आणि दुसरा देतो. पेटच्या बाटलीत बीपीए नसतं, हेही सांगून ठेवतो, कारण लोक दोन्हीची सरमिसळ करतात.

सीलबंद जारची मुदत बहुधा महिन्याच्या आसपास छापलेली असते. उघडल्यावर? मी माझ्या घरी तीन दिवस धरतो, थंडीत फार तर चार. डिस्पेन्सरवर उलटा ठेवलेला जार 'गुडगुड' करतो तेव्हा जेवढं पाणी खाली येतं तेवढी खोलीतली हवा वर जाते, धुळीसकट. स्वयंपाकघरात फोडणीचा धूरही. जारपेक्षा डिस्पेन्सर जास्त घाणेरडा असतो, हे माझं अनुभवाचं मत आहे. लोक दर तीन दिवसांनी जार बदलतात आणि डिस्पेन्सर घेतल्यापासून एकदाही धूत नाहीत. तोटी खोलून आत कापसाची काडी फिरवा. काय निघतं ते बघितलं की पुन्हा सांगायला लागणार नाही.

आणि तो थंड जार, कॅम्पर, लग्नात न् दुकानात येतो तो. त्याला सील नाही, तारीख नाही, बॅच नाही. त्यातलं पाणी चांगलं असेलही, पण ते 'पॅकेज्ड' नव्हे, सुटं पाणी आहे. सकाळी आलेलं संध्याकाळपर्यंत संपवायचं, साठवायचा प्रश्नच नाही. जारवाला टीडीएस मीटर बुडवून '४०, बघा' म्हणाला तर मान डोलवा आणि सोडून द्या. मीटर क्षार मोजतो. ई. कोलायनं भरलेल्या पाण्याचाही टीडीएस ४० येऊ शकतो. दोन सळ्या पाण्यात घालून नळाचं पाणी तपकिरी करून दाखवणारे विक्रेते तर निव्वळ गारुडी. तो गंज त्यांच्याच लोखंडी सळीचा असतो, पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि सळी झिजते.

पावती किंवा लेबल बघायची सवय असेल तर अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक, बॅच, पॅकिंगची तारीख आणि भरणाऱ्याचा पत्ता एवढं तरी हवं. आयएसआयचा शिक्का आधी सक्तीचा होता, ऑक्टोबर २०२४ मध्ये ती सक्ती निघाली आणि थोड्याच दिवसांत पॅकेज्ड पाणी जास्त जोखमीच्या अन्नपदार्थांत गेलं. मी अजूनही शिक्का असलेलंच घेतो. जुनी खोड म्हणा.

मायक्रोप्लास्टिकचं विचारणार असालच. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या लोकांनी २०२४ च्या सुरुवातीला बाटलीबंद पाण्यात लिटरला सरासरी दोन लाख चाळीस हजारांच्या आसपास प्लास्टिकचे कण मोजले, त्यातले बहुतेक नॅनो आकाराचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान. शरीरावर त्याचा नेमका परिणाम काय, यावर अजून काम चाललंय. म्हणूनच मी रोजचं पाणी बाटलीतून पीत नाही. घरी नळाचं पाणी गाळून उकळून स्टीलच्या पिंपात, उन्हाळ्यात माठात. बाटली प्रवासाला आणि पुराला.

पुराचा तुमचा विचार मात्र शंभर टक्के बरोबर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेचं पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. इशारा पातळी ३९, धोका ४३, म्हणजे धोक्याच्याही बारा फूट वर. बालिंगा, शिंगणापूर, नागदेववाडीचे पंप पाण्यात गेले आणि सगळीकडं पाणीच पाणी असताना शहराचे नळ कोरडे पडले. शिरोलीजवळ हायवे बुडाला, बाहेरून गाड्या येईनात, दुकानातल्या बाटल्या एका दुपारीत संपल्या. आता काळम्मावाडी धरणाची थेट पाईपलाईन आहे, पण म्हणून मी साठा करायचं थांबवलेलं नाही. वीज गेली की कुठलीही योजना थांबते.

किती साठवायचं? पिणं आणि जेवणापुरतं माणशी दिवसाला तीन लिटर. पाच माणसं, सात दिवस, म्हणजे १०५ लिटर, लिटरच्या बारा बाटल्यांचे नऊ बॉक्स. तुमचे जिन्याखालचे सहा म्हणजे ७२ लिटर झाले. बाकीच्यासाठी नवीन बाटल्या घ्यायची गरज नाही. बंधाऱ्याजवळ पंचगंगेचं पाणी ३५-३६ फुटांवर आलं की झाकणाचे डबे, पिंपं, कळश्या घासून भरून ठेवा. नळाचं पाणी खळखळून एक मिनिट उकळलेलं, किंवा मेडिक्लोरसारखं क्लोरीनचं द्रावण बाटलीवर लिहिलेल्या मापानं घालून अर्धा तास ठेवलेलं. क्लोरीनचा हलका वास राहिला तर उत्तम, राखणदार जागा आहे. झाकण घट्ट, आत हात किंवा तांब्या न बुडवता तोटीनं किंवा ओगराळ्यानं घ्यायचं. पिंप मात्र धान्याचं, पाण्याचं, खाण्याच्या तेलाचंच असावं. भंगारात मिळणारे निळे ड्रम आधी कशाचे होते ते विकणाराही सांगू शकत नाही. ते पिण्याला कितीही धुतले तरी नकोत.

एक गोष्ट २०१९ ला लोकांना पटवता पटवता मी थकलो. पुराचं पाणी लागलेली सीलबंद बाटलीसुद्धा पिऊ नका. बाहेरून स्वच्छ धुतली तरी टोपणाच्या आट्यांत गाळ आणि सांडपाणी अडकतं, आणि टोपण फिरवताना ते थेट बाटलीच्या तोंडावर येतं. मदत म्हणून आलेले बॉक्स आमच्या भागातल्या एका हॉलच्या पायऱ्यांवर उतरवले होते, रात्रीत पाणी दोन पायऱ्या चढलं आणि खालचे दोन थर भिजले. 'सील आहे की सर' म्हणत पोरं वाटायला निघाली होती. वेगळे काढून ठेवायला लावले तेव्हा मला शिव्याही बसल्या.

आणि म्हणून, ताई, शुक्रवार पेठेत जिन्याखालची जागा ही सगळ्यात आधी बुडणारी जागा. परीक्षा आजच घ्या आणि पास झालेले बॉक्स वरच्या मजल्यावर न्या. भिंतीपासून चार बोटं लांब, फळीवर किंवा दोन विटांवर पाट टाकून, कारण पावसाळ्यात ओल धरलेला पुठ्ठा खालूनच बसतो आणि वरचे बॉक्स कलंडतात. छातीच्या वर रास नको. खिडकीचं ऊन नको. कपड्यांच्या कपाटात तर नकोच, तिथं डांबराच्या गोळ्या असणार. कॉटखाली जागा असेल तर तिथं ठेवा, उंदरांचं तेवढं बघा. दिवाळीपर्यंत पूर आला नाही तर एकेक बॉक्स काढून वापरून टाका.